पंचवीस किलोची ओटी

या सहलीतून सदानंदला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. त्याने स्वतःच ते अर्ध्या दुबईला सांगितलं होतं, त्यामुळे त्यात आता गुपित काही नाही.

हॉटेल वाचणार होतं. रात्रीचे चारशे वीस दिरहॅम, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये, आणि ते नुसतं झोपायचे. टॅक्सी वाचणार होती, कारण तिकडे घरची पिकअप होती. जेवण घरचं, वाट दाखवणारा घरचा, आणि इंडोनेशियातल्या प्रंबाननची हजार-अकराशे वर्षांची देवळं घरापासून इतकी जवळ, की सकाळी फिरायला म्हणून निघावं आणि नवव्या शतकात पोचावं.

"लोक बालीला जातात आणि लुटून घेतात," अल बर्शातल्या आपल्या हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून तो म्हणाला. "आपण जावाला जाऊन राहू. खेड्यात. आपल्याकडे लोकल पार्टनर आहे."

सदानंद सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत इंटर्नल ऑडिट करतो. तो माणसांबद्दल असंच बोलतो. वाईट वाटून घेऊ नये.

हा लोकल पार्टनर म्हणजे वार्सिनी. ओवी, म्हणजे सदानंद-मृणालिनीची एकुलती एक मुलगी, पाच महिन्यांची होती तेव्हा वार्सिनी जावाहून त्यांच्या घरी कामाला आली, आणि नऊ वर्षं राहिली. आली तेव्हा तिला 'अच्छा' एवढा एकच शब्द येत होता. गेली तेव्हा ती भाजीवाल्याशी मराठीत भांडत होती, आणि भाजीवाला केरळचा होता. ओवीला भरवताना ती "जेव गं बाई आता, माझा अंत पाहू नकोस" असं थेट मृणालिनीच्या सुरात म्हणायची. पाहुण्यांना दार उघडेपर्यंत कळायचं नाही, की आत कोण रागावलंय.

परत गेल्यावर दर ईदला तिचा फोन यायचा. "साहेब, गावाला या ना. घर बांधलंय. एक खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय."

"इन्शाल्ला," सदानंद म्हणायचा. दुबईत त्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा मात्र त्याने हॉटेलांचे भाव पाहिले आणि इन्शाल्लाचं तिकीट झालं.

मृणालिनीला या सहलीतून एकच गोष्ट हवी होती. तिला वार्सिनीची ओटी भरायची होती. वार्सिनी गेली ती घाईत गेली. सासू पडली म्हणून फोन आला, दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. पगार दिला, बोनस दिला, बॅगा भरून दिल्या. ओटी तेवढी राहिली, आणि ते तिला गेली पाच वर्षं दातात अडकलेल्या तुसासारखं टोचत होतं.

"ती मुसलमान आहे," सदानंद म्हणाला. "तिची कसली ओटी?"

"सवाष्ण आहे ना? आणि नऊ वर्षं चैत्रातलं हळदीकुंकू माझ्याबरोबर तिनेच उरकलंय. ओटी म्हणजे काय ते तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मी नारळ आणि तांदूळ बॅगेत घालतेय."

"नारळ? जावाला? मृणाल, तिकडे नारळ झाडाला लागतात. सामानाचं वजन वाढवू नकोस. तिथे घेऊ."

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून निघालं.

विमानतळावर वार्सिनीचा नवरा सुगियो पिकअप घेऊन आला होता. बारीक, हसरा माणूस. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती. तो सगळ्याला मान डोलवायचा. वाटेत बाजार लागला. सदानंदच्या खिशात तेव्हा तीस लाख होते, इंडोनेशियन रुपये का होईना, आणि खिशात तीस लाख असले की माणसाची चाल बदलते.

मृणालिनीने दुकानात बोटांनी दाखवलं, अर्धा किलो तांदूळ. दुकानदार बाईने अर्ध्या किलोचा भाव सांगितला. सदानंदने शेजारचं पंचवीस किलोचं पोतं दाखवून त्याचाही भाव विचारला, मोबाइलवर रुपियाचे दिरहॅम केले, दिरहॅमचे आपले रुपये केले आणि त्याचा चेहरा उजळला.

"पोतं घेतलं तर किलोमागे केवढं सुटतंय बघ."

"सदा, ओटीला पाच मुठी लागतात."

"आणि आपण सहा दिवस तिथे जेवणार. आपला तांदूळ आपण नेला, की उपकार नाहीत कोणाचे."

पोतं घेतलं म्हणून बाईने साखरेच्या पोतडीवर सवलत दिली. साखर घेतली म्हणून तेलाच्या डब्यावर दिली. नारळवाला दोन नारळ द्यायला तयार नव्हता, त्याची वीसची माळ होती, माळ घेतली. सुगियो हे सगळं गाडीत चढवत होता आणि प्रत्येक खेपेला त्याचे डोळे थोडे मोठे होत होते. पण त्याने काही विचारलं नाही. गाडी सुरू करायच्या आधी त्याने बाजूला जाऊन घरी एक फोन केला, एवढंच.

आता वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी सदानंदला माहीत नव्हती. वार्सिनीच्या सुंबेरवुनीसारख्या जावातल्या गावात कोणी कोणाच्या घरी तांदूळ, साखर, तेल आणि नारळ असं एकत्र घेऊन जातो तो एकाच कारणाने. त्या घरी कार्य असतं. लग्न, सुंता, बाळाचं काही, नवस, काहीतरी. आणि गावात कार्य निघालं, की बोलावणं लागत नाही. बायका आपापल्या सुऱ्या घेऊन येतात, पुरुष बांबू घेऊन येतात, आणि प्रत्येक घरातून तांदूळ-साखर येते. कशासाठी आहे हे पाहुण्याला तोंडावर विचारणं मात्र फार वाईट दिसतं. तो सांगेल तेव्हा सांगेल.

दारात वार्सिनीने ओवीला पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. ओवी आता तिच्यापेक्षा वीतभर उंच होती.

"केवढी झालीस गं. काय खायला घालतात तुला?"

"आय मिस्ड यू, वासी," ओवी म्हणाली, आणि वाकून तिच्या खांद्यात तोंड लपवलं. मोबाइल हातातून खाली पडला तरी तिने उचलला नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा शब्दशः चमत्कार होता.

मग वार्सिनीने पिकअपकडे पाहिलं. "साहेब, एवढं?"

सदानंद हात झटकून मराठी माणसाला शोभेल असं हसला. "अगं, एवढं काय. थोडंच आहे."

झालं. 'थोडंच आहे' म्हणजे कार्य मोठं आहे, आणि बाकीचं गावाने बघायचं आहे, असा वार्सिनीने अर्थ लावला. तिचं तरी काय चुकलं? अल बर्शात तिने दर श्रावणात सत्यनारायण पाहिला होता. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चाळीस माणसं, कढईभर शिरा, आणि चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत. साहेब-मॅडमना आता तसंच काही इथे करायचंय, देवळांच्या शेजारी, हे तिला लगेच पटलं. उलट आपलं घर निवडलं म्हणून तिचा ऊर भरून आला.

संध्याकाळी खोलीत बॅगा उघडत असताना मृणालिनीने खिडकीतून पाहिलं. अंगणात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या आणि खटाखट कांदे चिरत होत्या.

"सदा, यांच्याकडे काहीतरी आहे वाटतं. ऐन कार्यात येऊन पडलो आपण. विचारू का?"

"अजिबात नको. विचारलं की वर्गणी."

मृणालिनीला वर्गणीची भीती नव्हती, पण तिलाही विचारवेना. "कसला कार्यक्रम" असं हसून विचारायचं आणि नेमकं कोणाचं वर्षश्राद्ध निघायचं. त्यापेक्षा कळेल तेव्हा कळेल, असं म्हणून तीही कांदे चिरायला जाऊन बसली. अशा रीतीने एकाच अंगणात दोन घरं एकमेकांच्या कार्याला मदत करू लागली आणि कार्य कोणाचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगियोने त्यांना भातशेतांच्या बांधावरून एक देऊळ दाखवायला नेलं. मोठं प्रंबानन उद्या. त्याला परदेशी माणसाचं तिकीट होतं आणि सदानंद त्यासाठी मनाची तयारी करत होता. हे छोटं होतं. काळ्या दगडाचं, कळस अर्धा गेलेला, चारही बाजूंनी हिरवागार भात आणि पायरीवर बदकं. मृणालिनी चपला काढून आत गेली. गाभारा रिकामाच होता, पण गारवा होता, आपल्याकडच्या जुन्या शंकराच्या देवळात असतो तसाच. ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग सदानंदही आत आला, भिंतीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाला, "अकराशे वर्षं उभंय. आणि तिकीट नाही."

ही त्याची प्रार्थना होती. त्याच्या मानाने भाविक होती.

तेवढ्यात शेतांवरून कर्ण्याचा आवाज आला. गाणं चालू होतं, आणि ते थेट वार्सिनीच्या घराकडून येत होतं.

परत येऊन बघतात तो घर ओळखू येईना. अंगणावर बांबूचा मांडव चढला होता, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला होता, खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि कोपऱ्यात दोन बोकड आपल्याला इथे का बोलावलंय याचा विचार करत उभे होते. फाटकातून बायकांची रांग येत होती, प्रत्येकीच्या कमरेला कापडात बांधलेलं टोपलं. टोपल्यांतून तांदूळ, साखर, अंडी, शेवया असं निघत होतं आणि माजघरात त्याचा डोंगर वाढत होता.

"पोराचं लग्न असणार," सदानंद कुजबुजला. वार्सिनीचा मुलगा दिमास सतरा वर्षांचा होता आणि त्या क्षणी खुर्च्या पुसत होता.

"सतराव्या वर्षी? आणि नवरी कुठाय?"

"येईल ना. मांडव तर आलाय."

मग सदानंदला मधल्या खुर्चीत बसवलं. बाटिकचा शर्ट घातला, डोक्याला घट्ट टोपी बसवली, आणि हातात गरम चहाचा पेला दिला. चहा इतका गोड, की त्यात चमचा उभा राहावा. ताटात टाकू नये हे सदानंदवर लहानपणापासूनचे संस्कार, त्यात फुकटचा चहा. त्याने पेला रिकामा केला. रिकामा पेला दिसला की तिथे तो भरतात. त्याने पुन्हा रिकामा केला. पुन्हा भरला. सदानंदची साखर काठावर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारपर्यंत काठ दिसेनासा झाला.

जो येईल तो सुगियोआधी त्याच्याकडे येत होता, दोन्ही हातांनी त्याचा हात हातात घेत होता आणि कमरेत वाकत होता.

"या लोकांना पाहुण्याची किंमत आहे," तो मृणालिनीला म्हणाला. "आपल्या बिल्डिंगमध्ये वॉचमन तरी मान वर करतो का?"

मृणालिनीने ऐकलं नाही. ती ओवीकडे पाहत होती. अल बर्शात जी मुलगी पाण्याची बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवत नाही, ती बायकांच्या घोळक्यात बसून केळीची पानं पुसत होती. थोड्या वेळाने ती पानं टाकून बापाकडे आली.

"बाबा, यू सी दॅट आँटी इन ग्रीन? दिमास युज्ड टू स्लीप ॲट हर प्लेस. अँड द अदर वन टुक हिम टू स्कूल. ऑल ऑफ देम फेड हिम."

"का? याला घर नव्हतं?"

"बिकॉज वासी वॉज विथ मी, बाबा," ओवी म्हणाली. बापाला एवढं साधं कळू नये, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पानं पुसायला परत गेली.

सदानंदने हातातला पेला खाली ठेवला. हा त्या दिवसातला पहिला अर्धा राहिलेला पेला. त्यात पुन्हा चहा कोणी ओतला नाही. पेल्यात थोडं राहू दिलं की थांबतात, हा शोध त्याला असा अपघाताने लागला.

ऊन उतरलं तशी मांडवात चटया पसरल्या. पुरुष रांगांत येऊन बसले. मधोमध भाताचा एक टोकदार डोंगर आणून ठेवला, भोवती अख्खे कोंबडे, अंडी, भाज्या. दुआ मागायला गावातले सगळ्यांत वडीलधारे कारसो आजोबा आले. त्यांनी माईक हातात घेतला, सुगियोकडे वळून हळूच काही विचारलं. सुगियोने वार्सिनीकडे पाहिलं. वार्सिनी पदर सावरावा तशी ओढणी सावरत सदानंदपाशी आली.

"साहेब, आता सांगा. कशासाठी आहे ते."

"काय कशासाठी आहे?"

"हे कार्य. दुआच्या आधी सांगावं लागतं. कोणाचं, कशासाठी. मग आजोबा सुरू करणार."

"अगं, ते मी कसं सांगू? तुमचं कार्य, तुम्ही सांगा."

वार्सिनीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "आमचं? साहेब, तुमचं ना? तुम्ही तांदूळ आणला."

"तो तर ओटीचा..." सदानंद म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. पंचवीस किलोची ओटी. त्याने मृणालिनीकडे पाहिलं. मृणालिनीने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत 'पाच मुठी' हे दोन शब्द स्पष्ट लिहिलेले होते.

"म्हणजे काहीच नाहीये?" वार्सिनी अगदी हळू म्हणाली. "नवस नाही? पूजा नाही?"

"नाही गं."

ती मागे वळून मांडवाकडे बघत राहिली. अख्खं गाव बसलं होतं. लावणीचे दिवस होते, माणसं दोन दिवस शेतं सोडून आली होती. "साहेब, आता मी यांना काय सांगू? मी दुबईहून आले तेव्हापासून आधीच म्हणतात, हिला पैशाचा माज आलाय. आता म्हणतील गंमत म्हणून गाव बोलावलं. उद्या माझ्या दारात कोण येईल? दिमासच्या लग्नात कोण कांदा कापायला येईल?"

कारसो आजोबांनी घसा साफ केला. माईकमधून तो घसा गावभर साफ झाला.

मृणालिनी म्हणाली, "सदा. ऊठ."

"अगं पण आपलं म्हणालो तर सगळं बिल..."

"सदा."

सदानंद उठला. त्याला माईक दिला. त्याने मनातल्या मनात भराभर कारणं चाळली. बढती? यंदा हुकली होती. नवी गाडी? अजून बँकेची होती. घर भाड्याचं. तब्येत म्हणावी तर आत्ताच अकरा पेले चहा झाला होता. चटईवरची शंभर-दीडशे माणसं शांतपणे त्याच्याकडे बघत होती. त्यांच्यामागे बायका उभ्या होत्या, ओल्या हातांनी, आणि त्यांच्यात ओवी उभी होती, तीही ओल्या हातांनी. हिरव्या कपड्यातल्या बाईने सहज तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"नमस्ते," सदानंद म्हणाला. माईकने किंचाळून उत्तर दिलं. "वार्सिनी, तू सांगत जा त्यांना. मी हिशेबाचा माणूस आहे, मला भाषण येत नाही. एक हिशेब सांगतो. ही माझी मुलगी. हिला वार्सिनीने नऊ वर्षं वाढवलं. आम्ही दोघं ऑफिसात. हिने पहिलं पाऊल टाकलं ते वार्सिनीकडे. आम्ही समजत होतो, पगार दिला, आमचं काही देणं राहिलं नाही."

वार्सिनीने ते सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

"पण तेव्हा वार्सिनीचा स्वतःचा मुलगा इथे होता. तीन वर्षांचा. त्याला तुम्ही जेवायला घातलंत, झोपवलंत, शाळेत सोडलंत. मग ही आमच्याकडे राहू शकली. म्हणजे तिने आमची मुलगी वाढवली ती तुमच्या जिवावर. म्हणजे हिशेबाने बघितलं तर..." इथे त्याचा आवाज थोडा घसरला, तो त्याने ऑडिट कमिटीसमोर सावरतो तसा सावरला. "तर माझी मुलगी या गावाने वाढवलीय. आणि हे आम्हाला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं. त्याचे आभार मानायचे म्हणून हे कार्य. आमचं कार्य आहे हे. आमच्या घरचं."

वार्सिनीने सांगायला सुरुवात केली, मध्येच थांबली, ओढणीने नाक पुसलं आणि मग एकच लहानसं वाक्य बोलली. त्याने एवढं मोठं सांगितलं आणि तिने एवढंसं, त्यामुळे तिने नेमकं काय सांगितलं ते सदानंदला आजतागायत कळलेलं नाही. पण हिरव्या कपड्यातली बाई रडायला लागली, कारसो आजोबांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले, आणि मग ते दुआ म्हणू लागले. सगळं गाव "आमीन" म्हणालं. मृणालिनीही म्हणाली. सदानंदने तिच्याकडे पाहून घेतलं आणि मग तोही म्हणाला.

पुढे भाताचा डोंगर फुटला, पानांच्या पुड्या घरोघर गेल्या, आणि सदानंद इतका जेवला की टोपी सैल करावी लागली.

सकाळी तो उठला तेव्हा माजघरात वार्सिनी पोती रचत होती. कार्यात वापरूनही निम्मं घर भरेल एवढा तांदूळ उरला होता.

"साहेब, हे तुमचं."

"माझं? का?"

"कार्य तुमचं. ज्याचं कार्य, त्याला येतं."

सदानंदने पोती मोजली. एक पोतं आणलं होतं, समोर तेरा दिसत होती. इतका परतावा त्याने आयुष्यात कुठल्या फंडात पाहिला नव्हता. तो मृणालिनीला हाक मारणार, एवढ्यात वार्सिनी पुढे म्हणाली, "कोणी काय आणलं ते सुगियोला पाठ आहे. आता त्यांच्याकडे कार्य निघालं, की आपण तेवढं द्यायचं."

"आपण म्हणजे?"

"तुम्ही."

"सगळ्यांना?"

"हो. पण घाई नाही साहेब. ज्याचं निघेल तेव्हा."

"आणि हे संपतं कधी?"

वार्सिनीला प्रश्नच कळला नाही. "गाव आहे तोपर्यंत," ती म्हणाली.

सदानंद खुर्चीवर बसला. "मग असं करू. हीच पोती ठेवून देऊ, आणि ज्याची त्याला परत."

"चालेल. पण लग्नं निघेपर्यंत अळ्या होतील."

"मग कार्य तुझ्या नावावर घालूया ना. तुझं घर, तुझा मांडव. मी आपला पाहुणा."

"नाही साहेब," वार्सिनी फार गोड आवाजात म्हणाली. हा आवाज तिने मृणालिनीकडूनच उचलला होता. "तुम्ही माईकवर बोललात."

दारातून मृणालिनी हसत होती. "काय रे, रेकॉर्डवर आलेलं असं पुसता येतं का तुमच्या ऑडिटमध्ये?"

मग तिने पुढे होऊन त्या ढिगातून पाच मुठी तांदूळ वेगळे काढले. वर एक नारळ ठेवला, दुबईहून आणलेलं रेशमी कापड ठेवलं. वार्सिनी काही न सांगता चटईवर बसली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि तिचं टोक दोन्ही हातांनी पुढे धरलं. कितीतरी वेळा तिने हे दुसऱ्यांसाठी मांडून दिलं होतं.

"मॅडम, कुंकू नको हं."

"आणलंच नाहीये गं. नुसते तांदूळ."

"तेवढं द्या," वार्सिनी म्हणाली, आणि मृणालिनीने पाच मुठी तिच्या ओढणीत घातल्या. ओवीने फोटोही काढला नाही.

प्रंबाननची मोठी देवळं त्यांनी त्यानंतर पाहिली, परदेशी माणसाचं तिकीट काढून. सदानंदने कुरकुर केली नाही. त्याच्यापेक्षा मोठा आकडा त्याच्या डोक्यात फिरत होता.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दिमासने सदानंदला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलंय. महिन्यातून दोन-तीनदा ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना फोन थरथरतो आणि सुंबेरवुनीत कोणाची तरी सुंता, कोणाचं बारसं, कोणाचं लग्न निघतं. सदानंद मेसेज भाषांतराच्या ॲपमध्ये घालतो, निःश्वास सोडतो आणि दिमासला कळवतो. तांदूळ पोत्यानेच घे, किलोने घेऊ नकोस. हिरव्या कपड्यातल्या बाईकडे नातू झाला तेव्हा त्याने न विचारता साखरही वाढवली. मृणालिनीने हे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

परवा शेजारच्या टेबलावरच्या तहसीनने त्याला विचारलं, "सदाभाई, वो जावावाला ट्रिप टोटल कितने में पडा? हमें भी जाना है."

सदानंदने फोन पालथा घातला. "अभी पड रहा है, हबीबी."

तर शेवटी कोणी काय भरलं? गावाने लावणीतले दोन दिवस भरले, आणि त्याआधी एका पोराचं बालपण. वार्सिनीने नऊ वर्षं भरली. ती रक्कम इतकी मोठी आहे, की तिच्यापुढे सदानंदची पोती मोजायला काढू नयेत. मृणालिनीने पाच मुठी दिल्या आणि ती मोकळी झाली. हॉटेलवाल्याला एक दिरहॅम मिळाला नाही. आणि सदानंद अजून भरतोय. पुढच्या महिन्यात कारसो आजोबांच्या नातीचं लग्न आहे. वडीलधाऱ्यांच्या घरचं असलं की म्हणे नुसतं पाठवून भागत नाही, तिघांनी जावं लागतं. विमानाची तिकिटं महाग आहेत, सुट्ट्यांचे दिवस आहेत.

राहायची सोय मात्र आहे. फुकट.